निधीचं वर्ष आणि चुन्याचं वर्ष

मी मराठवाड्यातल्या लोहाऱ्याचा. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि पुढचं सगळं आयुष्य दगड, माती, सिमेंट आणि अंदाजपत्रकं यांत गेलं. रस्ते केले, शाळाखोल्या केल्या, पाझर तलाव केले. पण मला घडवलं ते जुन्या वास्तूंच्या कामांनी. ती कामं संख्येनं थोडी, रकमेनं लहान, आणि बहुतेक वेळा कुणी आपणहून घ्यायला तयार नसे अशी. सरकारी निधी जुन्या भिंतीपर्यंत कसा पोचतो, कुठं अडतो आणि पोचल्यावर त्याचं काय होतं, हे मी फायलीच्या बाजूनंही पाहिलं आणि परातीतल्या चुन्याच्या बाजूनंही. गडकिल्ल्यांसाठी पैसा मागणारे आता पुष्कळ झाले आहेत. ते चांगलंच आहे. पण पैसा किती मागावा यावर जेवढं बोललं जातं, तेवढं तो कसा आणि कधी मागावा यावर बोललं जात नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या भागातल्या माणसाचं दगडी भिंतीशी असलेलं नातं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तुटलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं उशिरा झोपली होती. चार वाजायला आले असताना जमीन हादरली आणि किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं झोपेतच गाडली गेली. सास्तूर आज आमच्याच लोहारा तालुक्यात आहे. हजारो माणसं गेली. ज्या जाड भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवलं, त्यांनीच घरातल्या माणसांचा जीव घेतला. पुढं कित्येक वर्षं लोक चांगलं घर असूनही पत्र्याच्या शेडात झोपत. दगडाची भिंत म्हटली की अंगावर काटा यायचा.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. बावन्न गावं नव्या जागेवर वसवली गेली आणि पडझड कमी झालेल्या गावांत घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं काम निघालं. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. गावोगाव फिरून तडे मोजणं, गवंड्यांना जोडदगड कसा बसवायचा ते दाखवणं, हे माझं काम. तिथं पहिल्यांदा नीट कळलं की ती घरं का पडली. भिंत बाहेरून दोन-अडीच फूट जाड दिसे, पण आत ती एकसंध नव्हतीच. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत माती, खडी, कपऱ्या. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड, म्हणजे जोडदगड, कुठंच नाही. वर माळवद. ते गळू नये म्हणून दर वर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर चढवलेला, त्यामुळे डोक्यावरचा भार दरसाल वाढत गेलेला. जमीन हलली तसे भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आलं. दोष दगडात नव्हता. दोष सांध्यात होता.

हे कळल्यावर मी नळदुर्गला गेलो तेव्हा तो किल्ला वेगळाच दिसला. लहानपणी सहलीला जाऊन धबधबा बघितला होता. आता भिंत बघितली.

लोहाऱ्याहून नळदुर्ग तासाभराच्या वाटेवर. सोलापूर–हैदराबाद रस्त्यालगत, बोरी नदीच्या वळणात बसलेला हा भुईकोट महाराष्ट्रातल्या मोठ्या भुईकोटांपैकी एक. शंभराहून अधिक बुरूज, नऊ पाकळ्यांचा नवबुरूज, उंच उपळ्या बुरूज, पलीकडच्या तीरावर रणमंडळ, आणि या दोन्ही तटबंद्यांना जोडणारा नदीतला बांध. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, याच बांधाच्या पोटात पाणी महाल बांधला गेला. बांध सुमारे नव्वद फूट उंच. नदीला पूर आला की पाणी बांधावरच्या दोन वाटांनी, नर आणि मादी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या, खाली कोसळतं. आणि महालाच्या सज्जात उभा असलेला माणूस समोर पाण्याचा पडदा बघत कोरडा राहतो. आता वरच्या अंगाला बोरी धरण आहे. ते भरून वाहू लागलं की नर-मादी सुरू होतात आणि लोकांची रीघ लागते.

बांधकामाच्या माणसानं तिथं पाण्याकडे पाठ करून उभं राहावं. चारशे वर्षं एका बाजूनं नदीचा दाब, डोक्यावरून पुराचा लोंढा, आणि मधे पोकळ खोल्या. आजही असं काही बांधायचं ठरवलं तर गणित करणाऱ्याला झोप लागणार नाही. तिथला काळा दगड आणि सास्तूरच्या घरांचा काळा दगड एकाच जातीचा. फरक आहे तो घडाईत, थर एकमेकांत गुंतवण्यात आणि चुन्यात. ज्या मातीत आम्ही दगडी भिंतींखाली माणसं गमावली, त्याच मातीत दगडी भिंत कशी उभी राहते याचा सगळ्यात मोठा धडा आमच्या उशाशी उभा आहे. किल्ला जपायचा तो केवळ अभिमानापोटी नाही. आमच्या भागाला आपलं बांधकामाचं ज्ञान परत मिळवायचं असेल, तर ते तिथं मांडून ठेवलेलं आहे.

इतिहासाच्या बाजूनं पाहिलं तर नळदुर्ग केवळ आमच्या जिल्ह्याचा राहत नाही. १८५३ साली निजामानं कर्जापोटी इंग्रजांच्या हवाली केलेल्या मुलखात हा भाग होता. कर्नल मेडोज टेलर इथला कारभारी म्हणून किल्ल्यात राहिला, आणि १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादेवरची पोलिस कारवाई सुरू झाली, तेव्हा सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेची पहिली मोठी गाठ पडली ती नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि हैदराबादेची वाट मोकळी झाली. या लढ्याची दुसरी खूण आमच्याच तालुक्यात आहे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली, निजामाच्या राज्यात, लोकांच्या बळावर सुरू झाली. व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक तिथं मुख्याध्यापक झाले आणि पुढं स्वामी रामानंद तीर्थ म्हणून त्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं. एका बाजूला चारशे वर्षांचा बांध, दुसऱ्या बाजूला शंभर वर्षांची शाळा. देशाच्या इतिहासात दोघांचीही जागा पक्की आहे.

पण देशाच्या इतिहासात जागा असणं आणि देशाच्या तिजोरीतून पैसा मिळणं या दोन गोष्टी वेगळ्या. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ४९ नं राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचं रक्षण हे राज्यसंस्थेचं कर्तव्य ठरवलं. १९५८ च्या कायद्यानं अशा स्मारकांची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे दिली. त्या यादीत देशभरात साडेतीन हजारांहून अधिक स्मारकं आहेत. त्याखालोखाल राज्याचा १९६० चा कायदा आणि राज्य संरक्षित स्मारकं. नळदुर्ग या दुसऱ्या यादीत. आणि त्याही खाली हजारो बारवा, गढ्या, वेशी, समाध्या, देवळं, ज्या कुठल्याच यादीत नाहीत. यादी बदलली की पैशाची वाट बदलते, सही करणारा बदलतो. भिंतीत शिरणारं पाणी मात्र यादी बघत नाही.

माझा स्वतःचा अनुभव या सगळ्यात खालच्या पायरीवरचा. जिल्ह्यातल्याच एका गावची जुनी बारव. गावाचं आणि कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण हीच हकीकत थोड्याफार फरकानं कुठल्याही गावात घडली असती. बारव देखणी होती. तिन्ही बाजूंनी उतरत्या पायऱ्या, चौथ्या बाजूला मोटेची धाव, आत देवकोष्ठं. उत्तरेच्या भिंतीनं पोट काढलं होतं. म्हणजे मधला गाभा पावसाच्या पाण्यानं धुपून खाली बसला होता आणि बाहेरचा थर फुगून पुढं आला होता. तड्यावर आम्ही चुन्यात काचेच्या पट्ट्या बसवल्या आणि त्यांवर तारीख घातली. भिंत सरकली की काच तडकते. डोळ्याला न दिसणारी हालचाल अशी कळते. पहिल्या पावसाळ्यातच दोन पट्ट्या तडकल्या. वरच्या काठाला पिंपळाची झुडपं होती. वरून बोटाएवढी दिसणारी मुळी सांध्यात शिरल्यावर मनगटाएवढी झाली होती.

उपाय अवघड नव्हता. फुगलेल्या भागातल्या दगडांवर आकडे घालायचे, फोटो काढायचे, दगड क्रमानं उतरवायचे, गाभा साफ करून चुन्यात पुन्हा भरायचा, ठरावीक अंतरावर जोडदगड घालायचे आणि तेच दगड आपापल्या जागी परत बसवायचे. काठावर पाण्याला वाट काढून द्यायची, म्हणजे ते पुन्हा भिंतीत मुरणार नाही. मी अंदाजपत्रक केलं.

पहिली अडचण दरसूचीची. सरकारी कामाचा प्रत्येक दर दरसूचीतून यावा लागतो. सिमेंट काँक्रीटचे, विटांच्या बांधकामाचे, फरशीचे दर पानोपानी होते. चुनखडी भाजलेला कळीचा चुना, त्यात विटांचा चुरा, वाळू, घाण्यात मळून, आठवडाभर मुरवून, त्यात घडीव दगडाचं काम, असा दर आमच्या हाती असलेल्या सूचीत नव्हता. मग दर पृथक्करण करायचं, तीन ठिकाणची कोटेशनं जोडायची, वरच्या कार्यालयाची मान्यता घ्यायची. फाईल जाते, शेरा होऊन परत येते. ‘सिमेंट का नको, याचा खुलासा करावा.’ खुलासा केला. सिमेंट कडक आणि घट्ट असतं. जुनी भिंत ओलावा सांध्यातून बाहेर टाकते. सांधे सिमेंटनं भरले की ती वाट बंद होते, पाणी आत कोंडतं आणि गाभा आणखी लवकर धुपतो. वरून भिंत नवी दिसते आणि आतून पोकळ होत जाते. अशा सिमेंटनं ‘दुरुस्त’ झालेल्या आणि चार-सहा पावसाळ्यांत ढासळलेल्या भिंती मी पाहिल्या होत्या. खुलासा पटला. तांत्रिक मान्यता झाली, प्रशासकीय मान्यता झाली, निविदा निघाली. या सगळ्यात पावसाळा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. निधी वितरणाचा आदेश फेब्रुवारीत आला. खर्च ३१ मार्चच्या आत दाखवायचा.

कामाला एक वयस्कर पाथरवट होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. शाळा बघितलेली नव्हती, पण दगडाला हातोडीचा एक टोला मारून आवाजावरून सांगायचे की आत चीर आहे की नाही. मी त्यांना विचारलं, “मामा, महिन्याभरात भिंत होईल का?”

ते म्हणाले, “सायेब, दगड तर बसतोय. पर चुन्याला घाई केली की त्यो पीठ हुतोय. आता ऊन बघा, आन् पाणी कुठंय?”

ते बरोबर होते. चुना सिमेंटसारखा चोवीस तासांत कडक होत नाही. तो हवेतला वायू हळूहळू घेत घट्ट होतो आणि त्या काळात त्याला ओल लागते. आठवडेच्या आठवडे गोणपाट भिजवून सांध्यांवर धरावं लागतं. आमच्याकडे फेब्रुवारी सरला की ऊन तापतं, मार्चमध्ये विहिरी तळ गाठतात, आणि गावात प्यायला टँकर येत असताना भिंतीवर पाणी मारायला सांगायची कुणाची हिंमत होत नाही. त्या उन्हात भरलेला चुना वरून सुकतो, आतून भुसभुशीत राहतो. पावसाळ्यात उघड्या भिंतीत चुना भरला तर तो धुऊन निघतो. चुन्याच्या कामाचे आमच्याकडचे खरे दिवस म्हणजे पाऊस ओसरल्यापासून थंडी संपेपर्यंत, ऑक्टोबर ते जानेवारी. विहिरीला पाणी असतं, ऊन सौम्य असतं, गवंडी-मजूर मिळतात. आणि नेमक्या याच महिन्यांत फाईल टेबलाटेबलांवरून फिरत असते. निधी हातात पडतो तेव्हा चुन्याचं वर्ष संपलेलं असतं. वाफसा निघून गेल्यावर आलेल्या बियाण्याची जी गत, तीच या पैशाची.

मग झालं ते असं. मार्चअखेर ज्याचं मोजमाप घेता येईल तेवढंच काम झालं. बारवेभोवती सिमेंटचे ठोकळे बसवले गेले, लोखंडी कठडा झाला, प्रवेशाला कमान झाली, नावाचा फलक लागला. हे सगळं दरसूचीत होतं आणि महिन्याभरात होण्यासारखं होतं. भिंतीची रक्कम परत गेली. पुढच्या वर्षी ती मागायची तर नवी मागणी, नवा प्रस्ताव. बसवलेल्या ठोकळ्यांमुळे काठावरचं पाणी जमिनीत मुरायचं थांबलं आणि उतारानं थेट उत्तरेच्या भिंतीकडे वळलं. तिसऱ्या पावसाळ्यात पोट आलेला भाग खाली आला. माणूस दगावला नाही, एवढंच समाधान. दगड पाण्यात पडले. त्यांतले काही पुढं कुणाच्या तरी घराच्या पायात गेले.

त्या व्यवहारात एक पैसाही कुणी खाल्ला नव्हता. प्रत्येक कागद नियमाला धरून होता. उपयोगिता प्रमाणपत्र खरं होतं. सगळं प्रामाणिकपणे होऊनही भिंत पडली, ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. भ्रष्टाचार हे एकच कारण धरून बसलो तर हा दोष आपल्याला कधी दिसणारच नाही. दोष निधीच्या वेळापत्रकात आहे. सरकार वास्तूला एकदम मोठी रक्कम देतं, ती एका आर्थिक वर्षात संपवायला सांगतं आणि मग पुढची कित्येक वर्षं तिच्याकडे बघत नाही. वास्तूला नेमकं याच्या उलट हवं असतं. थोडं, पण दर वर्षी, आणि वेळेवर.

थोडं म्हणजे किती, हेही सांगतो. ज्येष्ठात पाऊस पडायच्या आधी तटावर, बुरुजांवर, शिखरांवर उगवलेली पिंपळाची, वडाची, उंबराची रोपं काढणं. रोप कोवळं असतं तेव्हा ते एका मजुराचं मिनिटभराचं काम. तीच मुळी पाच वर्षं राहिली तर उपसून काढता येत नाही, कारण ओढली की दगड घेऊन येते. मग ती वरून छाटायची, बुंध्यात औषध घालून आतच मरू द्यायची आणि वाळल्यावर राहिलेली पोकळी चुन्यानं भरायची. दुसरं, पाण्याच्या वाटा मोकळ्या करणं. जुन्या माणसांनी प्रत्येक बुरुजाला, गच्चीला, तटाच्या फांजीला पाणी बाहेर काढणारे पन्हळ ठेवले आहेत. ते पालापाचोळ्यानं आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी बुजतात. पाणी साचतं, मुरतं, आणि भिंत पोट काढते. तिसरं, पावसाळा संपल्यावर मोकळे झालेले सांधे चुन्यानं भरणं. चौथं, दर वर्षी त्याच जागांवरून, त्याच कोनातून फोटो आणि तड्यांच्या नोंदी. या चार कामांना कमान लागत नाही, उद्घाटन लागत नाही. एक जाणता गवंडी, चार मजूर, एक शिडी, थोडा मुरवलेला चुना आणि एक नोंदवही. मोठ्या किल्ल्याला अशा दोन-चार टोळ्या लागतील. एक बुरूज पडल्यावर तो परत उभा करायला जी रक्कम लागते, तिच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, हे मी दोन्ही अंदाजपत्रकं स्वतः केल्यामुळे सांगू शकतो.

नेदरलँड्समध्ये १९७३ पासून याच विचारानं चालणारी एक व्यवस्था आहे. तिचं नाव मोन्युमेंटेनवाख्त, म्हणजे स्मारकांची गस्त. प्रशिक्षित कारागिरांची जोडी गाडीत शिडी आणि अवजारं घेऊन ठरल्या काळानं जुन्या इमारतींवर जाते, छपरं, पन्हळ, सांधे तपासते, किरकोळ दुरुस्ती तिथल्या तिथं करते आणि मालकाला लेखी अहवाल देते. ही कल्पना पुढं बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातही रुजली. आमच्याकडेही ती परकी नाही. देवस्थानच्या इनाम जमिनी, किल्ल्यांची नेमणूक, वतनदार गवंडी-सुतार, ही सगळी दर वर्षीच्या देखभालीचीच सोय होती. जमीन पिकत राहिली तोवर शिखरावर झाड उगवलं तरी ते काढणारा माणूस ठरलेला होता. वतनं गेली ती योग्य कारणानं गेली, पण त्यांच्याबरोबर देखभालीची तरतूदही गेली. त्या जागी आपण नवं काही उभं केलं नाही.

अलीकडच्या काळात चांगलं काही घडलंच नाही असं मी म्हणणार नाही. राज्यानं २००७ मध्ये ‘महाराष्ट्र वैभव’ ही स्मारक संगोपन योजना आणली. तिच्याखाली नळदुर्ग किल्ला २०१४ मध्ये सोलापूरच्या एका खासगी कंपनीकडे दहा वर्षांसाठी दिला गेला. किल्ल्यात स्वच्छता आली, बाग झाली, बोटी आल्या, लोकांची ये-जा वाढली. ज्या किल्ल्यात बाभळी माजल्या होत्या तिथं कुटुंबं यायला लागली, हे मी पाहिलं आहे आणि त्याचं मोल मानतो. पण पर्यटकांची सोय आणि भिंतीचं जतन ही दोन कामं आहेत, आणि दुसऱ्याची जबाबदारी शेवटी सरकारचीच राहते. बागेतून उत्पन्न निघतं. नवबुरुजाच्या पाकळीतला मोकळा झालेला सांधा उत्पन्न देत नाही. तिथं सार्वजनिक पैसाच लागतो.

तो पैसा आता जिल्ह्यातच उपलब्ध आहे. जिल्हा वार्षिक योजनेतल्या निधीचा तीन टक्के भाग गडकिल्ले, प्राचीन मंदिरं आणि संरक्षित स्मारकांच्या जतनासाठी ठेवण्याची तरतूद राज्यानं केली आहे. माझ्या दृष्टीनं गेल्या कित्येक वर्षांतला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. रायगडासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे आणि सहाशे कोटींच्या घरातला आराखडा आहे. जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. मला त्याचा आनंदच आहे. पण मराठवाड्यातला एकही भुईकोट त्या बारांत नाही. नळदुर्गला, परंड्याच्या किल्ल्याला, तेरच्या विटांच्या त्रिविक्रम मंदिराला, हिप्परग्याच्या शाळेला जे काही मिळायचं ते राज्याच्या आणि जिल्ह्याच्या झोळीतून. म्हणून ती तीन टक्क्यांची रक्कम कशी खर्च होते याला आमच्या जिल्ह्यात इतरांपेक्षा जास्त महत्त्व आहे. तिच्यातून पुन्हा कमानी, फलक आणि ठोकळेच झाले, तर संधी गेली म्हणून समजायचं.

माझ्या अनुभवातून मला तीन बदल हवेत असं वाटतं. पहिला, या निधीतला ठरावीक हिस्सा केवळ वार्षिक देखभालीसाठी बांधून ठेवावा आणि तो ३१ मार्चला परत जाऊ नये. स्मारकाच्या नावानं खात्यात शिल्लक राहावा, म्हणजे ऑक्टोबरात चुना मळायला पैसा हाताशी असेल. दुसरा, चुन्याच्या आणि घडीव दगडाच्या कामाचे दर प्रत्येक जिल्ह्यात वापरता येतील असे कायमचे ठरवून द्यावेत, म्हणजे कुणा कनिष्ठ अभियंत्याला ‘सिमेंट का नको’ याचे खुलासे लिहीत एक हंगाम घालवावा लागणार नाही. तिसरा, गावातल्याच गवंडी, वडार, पाथरवट पोरांना या कामाचं शिक्षण आणि दर वर्षीच्या कामाची हमी द्यावी. भूकंपानंतर आम्ही गावोगावच्या गवंड्यांना महिन्या-दोन महिन्यांत जोडदगड बसवायला आणि भिंतींभोवती पट्टा बांधायला शिकवलं होतं. ते शिकले, आणि त्यांनी बांधलेली घरं उभी आहेत. माणसं आहेत. त्यांना सलग काम नाही, म्हणून ती पुण्या-मुंबईला सेंट्रिंगच्या कामावर जातात. मामांच्या मुलानंही हातोडी-छिन्नी सोडली. पुढच्या पिढीत दगडाचा आवाज ओळखणारा माणूस राहिला नाही, तर कोटींचा निधी आला तरी तो खर्चायचा कुणाच्या हातून?

भूकंपग्रस्तांच्या घरांवर जेव्हा पैसा खर्च झाला तेव्हा कुणी विचारलं नाही की याचा उपयोग काय. जुन्या वास्तूंच्या बाबतीत तो प्रश्न हमखास येतो, आणि येणं योग्यही आहे. ज्या जिल्ह्यात पाण्याचा टँकर लागतो, शाळेचं छप्पर गळतं, तिथं किल्ल्यावर पैसा का, असं मला अनेकांनी तोंडावर विचारलं आहे. माझं उत्तर असं की पाणी महाल हा पाणी अडवायचाच बांध आहे, बारव ही पाण्याचीच सोय आहे, आणि हिप्परग्याची शाळा ही शाळाच आहे. जे आपल्या पूर्वजांनी टंचाईच्याच मुलखात, टंचाईच्याच काळात बांधलं आणि टिकवलं, ते आपण पडू दिलं तर नवं बांधलेलंही आपल्याकडून टिकणार नाही. देखभालीची सवय एकच असते. ती किल्ल्याला लागली तर शाळेच्या छपरालाही लागते.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. तुमच्या जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा आराखडा दर वर्षी हिवाळ्यात तयार होतो. त्याआधी ग्रामसभेत, लोकप्रतिनिधींकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी विचारा की आपल्या तालुक्यातल्या किल्ल्यासाठी, बारवेसाठी, देवळासाठी वार्षिक देखभालीची रक्कम किती ठेवली आहे. सुशोभीकरणाची रक्कम वेगळी विचारा, देखभालीची वेगळी. उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारा. आणि ज्या वर्षी देखभालीसाठी पैसा येईल, त्या वर्षी तो ऑक्टोबरात येईल हे बघा.